वर्षातली सर्वोत्तम आई

काटेसावर फुलली की लोकांना म्हणे हुरहुर वाटते. माझं डोकं फिरतं. आमच्या बोरिवलीच्या घराची मागची खिडकी नॅशनल पार्कच्या कुंपणाकडे उघडते, त्यामुळे जानेवारी सरता सरता ती लाल फुलं बघितल्यावाचून माझी सुटका नाही. झाडाला पान नाही, खाली सावली नाही, नुसता भडक थाटमाट, आणि माकडं पडलेली फुलं चघळत बसलेली. सोसायटीतल्या बायका सकाळी फिरायला निघाल्या की मोबाइल उंच धरून फोटो काढतात. मी पडदा ओढून घेते. आई विचारते, झाडानं तुझं काय वाकडं केलंय? झाडानं काहीच केलेलं नाही. तो मोसमच डोक्यात जातो माझ्या.

कारण हा सत्कारांचा मोसम. हवेत जरा गारवा आहे, अंगात कोट घातला तरी घाम येत नाही, तेवढ्या दिवसांत अंधेरीच्या हॉटेलांतले सगळे हॉल भरलेले असतात आणि आत माणसं एकमेकांना पुष्पगुच्छ देत असतात. मला ते ठाऊक आहे, कारण ते एकमेकांबद्दल जे बोलतात ते मी लिहिलेलं असतं. एमआयडीसीत मंगेशचं आणि माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. तो कॅमेरा आणि कॉम्प्युटर सांभाळतो, मी शब्द. खालच्या मजल्यावर फरसाणाचा कारखाना आहे, म्हणून आमच्याकडून निघालेल्या प्रत्येक मानपत्राला तळणीचा वास असतो. मी सिमेंटच्या डीलरना ऋषितुल्य म्हटलंय. एका दातांच्या डॉक्टरला युगपुरुष केलंय. त्यांतल्या एकालाही ते वाचताना संकोच वाटला नाही, आणि लिहिताना मला वाटला असं म्हणण्यात अर्थ नाही.

आज सकाळी मंगेशचा फोन आला. म्हणाला, ती गेली गं, आपली घोडी. फार्मच्या फाटकापाशी स्मारक करतायत. फोटो तोच हवाय, तीन वर्षांपूर्वीचा, आणि खाली कोरायला चार ओळी. मी विचारलं, तोच फोटो? तो म्हणाला, तोच.

तीन वर्षांपूर्वी हे काम आलं तेव्हा मंगेश हसत हसत आत शिरला होता. या वेळी सत्कारमूर्ती घोडी आहे म्हणाला. मला वाटलं कुणाला तरी नावं ठेवतोय. पण ती खरोखरची घोडी होती, चार पायांची. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे लोक असतात, त्यांचं एक मंडळ असतं, आणि ते दर वर्षी एका पैदाशीच्या घोडीला ‘ब्रूडमेअर ऑफ द इयर’ ठरवतात, म्हणजे वर्षातली सर्वोत्तम आई. ती स्वतः सत्काराला येत नाही. तिचे मालक येतात, ट्रॉफी घेतात, जेवतात आणि जातात. त्या वर्षीच्या घोडीचं नाव होतं मूनलिट टेरेस. मला वाटलं कांदिवलीत नवीन टॉवर होतोय.

घोडीची मालकीण आमच्या ऑफिसात आली होती. पन्नाशीची, गोरीपान, आवाज मऊ, आणि खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीकडे एकदा नीट बघणारी. तिनं मला त्या जगाचा एक नियम सांगितला. घोड्यांत भावंडं मोजतात ती फक्त आईकडून. एकाच बापाची दोन पिलं असली तरी ती एकमेकांची कुणी लागत नाहीत, कारण बाप एकेका मोसमात शंभर ठिकाणी बाप होत असतो, त्याचं काय घेऊन बसायचं? एकाच पोटातून आली, तरच भाऊ-बहीण. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. पाचेक मिनिटं वाटला असेल. मग ती पुढे बोलायला लागली, की हिनं आम्हाला अकरा दिले, त्यांतले तीन मोठ्या शर्यती मारून गेले, अजून एक-दोन देईल. व्याली, बाळंत झाली, असले शब्दच नाहीत. नळाला पाणी किती वेळ येतं सांगावं, तसं सांगत होती.

सत्कारात दाखवायच्या फिल्ममध्ये तिला भावना हवी होती. आई आणि बाळ, दूध पिताना, असा एक फोटो पाहिजे, म्हणाली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मी वहीत ‘पाणी’ असं लिहून घेतलं.

फार्म पुण्याच्या पलीकडे होता. आम्ही पहाटे बोरिवलीहून निघालो आणि घाट चढताना दोन्ही बाजूंना ही काटेसावर, तेव्हापासून ती माझ्या मागेच लागलीय. फार्मवर गणपतकाका भेटले. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, वडील मुंबईत गिरणीत, आणि हे मात्र पोरवयात रेसकोर्सवर घोड्यांची चाकरी धरून बसलेले. मग तीसेक वर्षं या फार्मवर. आमचं गाव कुठलं हे विचारून झालं, तेही तिकडचंच निघालं, आणि त्यांनी मला लगेच ‘बाय’ करून टाकलं. मंगेशला ते शेवटपर्यंत ‘फोटोवाले’ म्हणत राहिले.

मूनलिट टेरेसच्या खोलीवर पितळी पाटी होती, आत पंखा होता, आणि डोक्यावर मोठा दिवा. काकांनी सांगितलं की डिसेंबरपासून हे दिवे उशिरापर्यंत चालू ठेवतात, म्हणजे घोडीच्या शरीराला वाटतं उन्हाळा आला आणि ती लवकर माजावर येते. एवढी घाई कशाला, तर शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारी. कधीही जन्मा, कागदावर एक जानेवारीच. आमच्या आजोबांच्या पिढीत शाळेतले मास्तर सरसकट सगळ्यांना एक जून लावून टाकायचे, तसंच. फरक इतकाच की मास्तरांनी त्यासाठी कुणाच्या आईच्या डोक्यावर दिवा लावला नव्हता.

ती दिसायला मात्र देखणी होती, खोटं कशाला बोलू. गडद तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, कातडी अशी की हात लावायची भीती वाटावी. तिनं आम्हाला बघून कान मागे पाडले आणि मंगेशच्या खांद्याच्या दिशेनं दात मारला. मी विचारलं, काका, हिचं पिल्लू कुठंय, आम्हाला दूध पिताना फोटो पाहिजे. काका चला म्हणाले आणि पुढे निघाले.

मागे पत्र्याची शेड होती. तिला पाटी नाही, पंखा नाही. आत दुसरी एक घोडी उभी होती, बुटकी, पोट खाली आलेलं, रंग तोच तपकिरी, कपाळावर तसाच ठिपका. कान मात्र वेगळे, टोकं आत वळलेली, दोन्ही कान एकमेकांना टेकू बघत होते. आणि तिच्या पोटाशी दोन आठवड्यांचं लांब पायांचं पिल्लू शेपूट हलवत दूध ओढत होतं.

“तिणा एकाक पण पाजूक नाय, बाय,” काका म्हणाले. “अकराच्या अकरा पाजल्यान ता ह्या आवशीन.”

हळूहळू सगळं कळलं. मूनलिट टेरेसनं पहिल्या पिलाला जवळ येताच लाथ घातली होती, बरगडी मोडली त्याची. तेव्हापासून पिल्लू बाहेर आलं की उचलायचं आणि मागच्या शेडमध्ये आणायचं. ही देशी घोडी त्याला पाजणार. पण पाजायला दूध लागतं, आणि दुधासाठी हिलाही दर वर्षी व्यावं लागतं. मग हिचं पिल्लू? काकांनी गवताची पेंढी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, ते नेतात कुणी ना कुणी. पहिल्या वर्षी तिला फसवायला लागलं होतं. तिच्या पिलाच्या अंगावरचं पोतं काढून या पिलावर घातलं, नाकाला त्याचाच वास चोळला, तेव्हा कुठे तिनं उभं राहू दिलं. दुसऱ्या वर्षापासून पोत्याची गरज पडली नाही. दुसऱ्याचं पिल्लू दारात दिसलं की ही आपणच हाक मारायला लागायची.

फार्मच्या वहीत तिचं नाव नव्हतं. ‘दूधवाली’ असं लिहिलेलं होतं. काका आणि तिथली माणसं तिला आवस म्हणायची, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत आई.

मंगेशनं तिचे, पिलाचे, काकांचे, शेडचे, सगळ्यांचे फोटो काढले. निघताना काका मला बाजूला घेऊन गेले. ही आता म्हातारी झाली, म्हणाले. हे पिल्लू दुधावरून सुटलं की पावसाआधी हिला टेम्पोत घालणार, मॅनेजरनं सांगून ठेवलंय. कुठे नेतील ते कुणी सांगत नाही, पण म्हातारी घोडी कुठे नेतात ते काय सांगायला लागतं? मॅडमकडे पोचायची माझी पायरी नाही. तू तिच्याशी बोलणार, तुझं ऐकेल ती. एवढंच सांग, की हिला राहू द्या इथं, गवत तर मीच कापतो. मी म्हटलं, काका, नक्की सांगते. त्यांनी माझ्या हातात ओल्या काजूगरांची पुडी दिली, गावाहून आलेले होते.

मी मन लावून मानपत्र लिहिलं. मातृत्व, वात्सल्य, त्याग, जे जे त्या घोडीनं कधी केलं नव्हतं ते सगळं लिहिलं, आणि फार छान जमलं. लिहिताना डोळ्यांसमोर मागची शेड होती, हे कबूल करते.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉलमध्ये पडदा लावून बघताना मला दिसलं. मूनलिट टेरेस या नावाखाली, बारा फुटी पडद्यावर, आवस उभी. पोटाशी पिल्लू. मंगेशला मॅडमनी आई-बाळाचा फोटो मागितला होता, त्यानं आई-बाळाचा फोटो लावला होता. शेडमध्ये काका सांगत होते तेव्हा तो कॅमेऱ्यात गुंतलेला, त्यात ठिपका सारखा, रंग सारखा, त्याला घोड्यातलं काय कळतंय? मी सांगितलं तेव्हा त्यानं डोकं धरलं. वाट लागली म्हणाला, दुसरा फोटो टाकतो, तेवढा वेळ आहे. वेळ खरंच होता. मीच म्हटलं, राहू दे रे. बघू या, किती जणांना कळतं.

एकालाही कळलं नाही. हे मी आजही कुणाला सांगते तेव्हा मला सावकाश सांगायला आवडतं. दोन-तीनशे माणसं होती. आडनावांआधी घराण्यांची नावं सांगणारी. घोड्याच्या पाच पिढ्या तोंडपाठ असलेली, दुर्बिणी गळ्यात घालून जन्माला आलेली, पिलाच्या चालीवरून त्याची पणजी ओळखतो म्हणणारी. पडद्यावर पत्र्याच्या शेडमधली बुटकी घोडी आली, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, पोट गुडघ्याकडे निघालेलं, आणि अख्खा हॉल आहाहा म्हणाला. माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ होते. त्यांनी बायकोला सांगितलं, डोळा बघ, डोळा. हे रक्तातच असावं लागतं. पलीकडच्या टेबलावर एक जण पोराला समजावत होता, याला म्हणतात क्लास. मी पनीरचा तुकडा तोंडात धरून उभी होते, हसू आलं तर बाहेर पडू नये म्हणून.

मॅडम स्टेजवर गेल्या. ट्रॉफी घेतली. डोळ्यांना रुमाल लावला. पडद्यावरच्या त्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, ही आमच्या घरातली आहे, शेवटपर्यंत आमच्याच दारात राहील. टाळ्या. माझं मानपत्र एका सूत्रसंचालिकेनं वाचलं, ‘वात्सल्य’ हा शब्द तिला नीट उच्चारता आला नाही. पुन्हा टाळ्या. किळस म्हणजे काय असते ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि त्या किळसेत किती मजा असते, तेही.

जेवणं सुरू झाल्यावर मॅडम माझ्याकडे स्वतः आल्या. ट्रॉफी काखेत, चेहरा खुललेला. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, किती सुंदर लिहिलंत, सांगा, मी तुमच्यासाठी काय करू?

अगदी असंच विचारलं. मी काय करू. आणि मी काय केलं? मला राहवेना. इतका वेळ पोटात धरून ठेवलेलं ते, कुणाला तरी दाखवायचंच होतं. मी म्हटलं, “मॅडम, फोटोतली ती तुमची मूनलिट टेरेस नाही. मागच्या शेडमधली दूधवाली आहे.”

तिनं मान वळवून पडद्याकडे बघितलं. मला वाटतं, आवसला तिनं तेव्हा पहिल्यांदाच बघितलं असेल. मग हात सोडले. आवाज तितकाच मऊ. “कुणाला बोललात?” मी नाही म्हटलं. “नका बोलू,” म्हणाली, आणि दुसऱ्या कुणाकडे तरी हसत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कडवे वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं साभिनय सांगितलं. टोपीवाला, रुमाल, आहाहा, सगळं. आईनं बावीस वर्षं कांदिवलीत दोन खोल्यांत पाळणाघर चालवलं. दुसऱ्यांची पोरं भरवली, निजवली, त्यांची शी-शू काढली, आणि त्यांच्या लग्नाच्या पत्रिका आल्या की ती ‘काकू’ म्हणून मागच्या रांगेत बसून येते. मला वाटलं होतं, ती माझ्याहून जास्त हसेल. ती वाल सोलत राहिली.

“आणि त्या काकांचं काम?” तिनं विचारलं. “ते सांगितलंस?”

मी म्हटलं, आज फोन करते. त्या दिवशी केला नाही. दुसऱ्या दिवशी एका बिल्डरची साठी आली. तिसऱ्या दिवशी वाटलं, मॅडम अजून चिडलेल्या असतील, जरा जाऊ देत. चौथ्या दिवशी गणपतकाकांचाच फोन आला.

दोन दिवसांपूर्वी सकाळी टेम्पो आला होता. पिल्लू सुटायची वाट बघितली नाही, पावसाचीही नाही. मॅनेजर म्हणाला होता, आता ट्रॉफीवाल्या घोडीला बघायला पाहुणे येतील, फोटोवाले येतील, तेव्हा सारख्या ठिपक्याच्या दोन घोड्या फार्मवर नकोत. आवस टेम्पोत निमूट चढली. पिल्लू दोन दिवस पत्र्यावर लाथा मारत हाका मारत होतं, आता बादलीतनं पितंय. काका हे सगळं एका सुरात सांगत होते, आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, खालून फरसाणाचा वास येत होता. मग ते थांबले.

“सांगलंस मां गो तू मॅडमाक?”

“हो काका,” मी म्हटलं. “सांगितलं.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. काका म्हणाले, बरं झालं, तू तरी सांगितलंस, त्यांनी ऐकलं नाही त्याला आपण काय करणार. वर मलाच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको.

तेव्हापासून मी त्या हॉलातल्या लोकांचा मनसोक्त तिरस्कार करत आलेय. करायला हवाच, त्यांची लायकीच ती आहे, त्यात मी काही कमी करणार नाही. फक्त त्या टोपीवाल्याला आवस ओळखता आली नव्हती. मला आली होती. मला तिचे कान माहीत होते, पोतं माहीत होतं, टेम्पो माहीत होता. आणि एवढं सगळं माहीत असून मी तिचा उपयोग चार लोकांना मूर्ख ठरवण्यासाठी केला. त्या मॅडमनं तरी दूध घेतलं.

आज दुपारी बसून मी स्मारकाच्या चार ओळी लिहिल्या. हिनं दारात आलेल्या कुणालाही परकं मानलं नाही. हिनं स्वतःचं सोडून दुसऱ्याचं वाढवलं. हिनं कधी काही मागितलं नाही. ही इथं उभी होती. मंगेशला पाठवल्या, त्यानं मॅडमना पाठवल्या. तासाभरात उत्तर आलं. त्यांना फार आवडल्या, विशेषतः दुसरी. तिचा अर्थ त्यांनी विचारला नाही. मंगेश म्हणाला, झकास, कोरायला देतो.

फाटकापाशी दगड बसेल. वर आवसचा फोटो, मध्ये दुसरीचं नाव, खाली माझ्या ओळी. येणारे जाणारे पाहुणे आहाहा म्हणतील, डोळा बघतील, त्यांचं मला काही नाही. पण गणपतकाका अजून तिथंच आहेत. रोज गवताचा भारा घेऊन त्याच फाटकातून आत जातात. ते थांबतील, भारा खाली ठेवतील, आणि एकेक अक्षर लावत सगळं वाचतील. त्यांना एका क्षणात कळेल की हे कुणाबद्दल आहे. आणि ते पुन्हा हेच म्हणतील, की बायनं सांगितलं होतं.